नर्मदेतली एसटी

बोट म्हटलं की आपल्याला काय आठवतं? गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच, तापोळ्याचं बोटिंग, नाहीतर गोव्यातली संध्याकाळची क्रूझ. थोडक्यात काय, बोट म्हणजे सुट्टी. आपल्या पवना-इंद्रायणीत तर बऱ्याचदा फेसच तरंगत असतो, त्यामुळे 'नदीतून प्रवास' ही भानगड पिंपरी-चिंचवडकरांच्या वाट्याला येत नाही.

पण महाराष्ट्राच्या अगदी उत्तर टोकाला बोट म्हणजे एसटी आहे. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदा राज्याच्या सीमेवरून साधारण ५४ किलोमीटर वाहते. अलीकडे आपण, पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. राज्यातला विधानसभा मतदारसंघ क्रमांक एक, अक्कलकुवा, याच काठावर आहे आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. मतदान यंत्रं घेऊन कर्मचारी तिथे बोटीने जातात! मतदारयादी जिथून सुरू होते तिथे रस्ता संपलेला असतो, हे मला माहीतच नव्हतं.

कळलं ते रूममेटमुळे. गडी धडगाव तालुक्यातला, पावरा समाजाचा. डिप्लोमा करून चाकणला एका कंपनीत क्वालिटीला लागला. फेब्रुवारीत शिवजयंतीला जोडून रजा टाकून तो घरी निघाला, मीही लटकलो. काम एकच होतं, त्याच्या वहिनीला गावातून धडगावला आणायचं. बाळंतपणाला अजून महिना होता.

"अरे, इतक्या लवकर कशाला?" मी विचारलं.

"होळीला गर्दीत लाँच नाही मिळाली तर? आणि रात्री कळा सुरू झाल्या तर चालवणार कोण?"

मी गप्प. आमच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक सर्व्हरला बॅकअप असतो, बॅकअपलाही बॅकअप असतो. त्याच्या गावाला एक लाँच.

वल्लभनगरहून रात्रीची एसटी, नाशिकमार्गे सकाळी शहादा, तिथून सातपुड्याचा घाट चढून धडगाव, मग जीपने नदीकाठ. तिथे जे दिसलं त्याला नदी म्हणावं की तलाव, कळेना. दोन्हीकडे उघडे डोंगर आणि मध्ये हिरवट, न हलणारं पाणी. हे सरदार सरोवराचं बॅकवॉटर. भरलं की ते २१४ किलोमीटर मागे पसरतं.

जरा आकडेवारी (सवय, दुसरं काय). धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. ती २०१९ मध्ये पहिल्यांदा गाठली गेली. किमान पातळी ११०.६४ मीटर. फरक २८ मीटर, म्हणजे वाकडमधली नऊ मजली बिल्डिंग. या नऊ मजल्यांत पाणी वरखाली होतं, म्हणून काठही जागेवर राहत नाही. पाणी उतरलं की मागे गुडघाभर गाळ राहतो आणि लाँच तुमच्या दारापर्यंत येत नाही. तुम्हीच गाळ तुडवत तिच्यापर्यंत जायचं. 'बसस्टॉप' दर महिन्याला हलतो म्हणा ना!

लाँच लाकडी, डिझेल इंजिनची. आत माणसं, शेळ्या, मिठाचं पोतं, सिमेंटच्या गोण्या आणि एक मोटारसायकल. आवाज इतका की बोलायचं तर कानात ओरडावं लागे. दीड तासात चार-पाच ठिकाणी थांबलो. कुठे एकच बाई उतरायची, डोक्यावर गाठोडं घेऊन सरळ डोंगर चढायला लागायची. वर बघावं तर घर दिसायचंच नाही.

रूममेट बोट दाखवत सांगत होता, "तिथे खाली आमचं जुनं शेत." खाली म्हणजे पाण्याखाली. या धरणात महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात आली. पाणी पहिल्यांदा शिरलं मणिबेलीत, १९९३ च्या पावसाळ्यात. बऱ्याच कुटुंबांचं पुनर्वसन तळोदा-शहाद्याकडच्या सपाटीवर झालं, काही जण डोंगरातच वर सरकले. याचे आईवडील त्यातले. ज्या पाण्याने जुन्या वाटा बुडवल्या, तेच आता त्यांची वाट झालंय.

'स्वदेस' मधला वीजनिर्मितीचा सीन आठवतो? त्यासाठी आशुतोष गोवारीकर ज्या बिलगावला जाऊन आले ते याच तालुक्यात. २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदान करून ओढ्यावर १५ किलोवॅटची वीज उभी केली होती. पुढे धरणाची उंची वाढली आणि तो प्रकल्पही पाण्यात गेला.

आणि सरदार सरोवरच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा किती? २७ टक्के. ग्रिडमधली वीज कुठून कुठे गेली हे कुणी सांगू शकत नाही, पण येताना रात्री चाकणचे झगमगते शेड बघून आलो होतो, ते आठवलं खरं.

परतीच्या दिवशी वहिनींना गाळातून लाँचपर्यंत आणायला पाऊण तास लागला. वाटेत दगड टाकले होते. एका हाताला सासूबाई, दुसऱ्या हाताला दीर. लाँचवर चार लाइफ जॅकेट होती, माणसं तीसच्या वर. एक वहिनींना दिलं, पण पोटावरून बंदच होईना. शेवटी ते त्यांनी मांडीवर धरून ठेवलं. २०१९ च्या संक्रांतीला याच पट्ट्यात भुषाजवळ खचाखच भरलेली बोट उलटली होती, त्यात लहान मुलंही गेली. लाँचवर सगळ्यांना ते माहीत होतं. तरी सगळे चढले, कारण पुढची लाँच दुसऱ्या दिवशी.

सगळंच असं हताश नाही हं. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने बायका अंगणवाडीकडे फिरकेनात, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे होडी वल्हवत त्यांच्या पाड्यांवर जात होत्या. बाळांची वजनं करायची, गरोदर बायकांना तपासायचं. जाऊन-येऊन १८ किलोमीटर, तेही आठवड्यातून चार-पाचदा. आपल्याकडे याला 'लास्ट माईल डिलिव्हरी' म्हणतात आणि त्यावर प्रेझेंटेशन्स होतात.

माझ्या डोक्यात मात्र तो महिनाच राहिला. पाऊस असला की आपण ऑफिसला अर्धा तास लवकर निघतो आणि ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडतो. वहिनी महिनाभर आधी निघाल्या. घर, थोरलं पोर, शेळ्या सोडून धडगावात नातेवाइकांच्या एका खोलीत. अंतर किलोमीटरमध्ये नाही, असं मोजायला हवं.

मार्चमध्ये मुलगी झाली, दवाखान्यात, दोघी ठणठणीत. वहिनी सव्वा महिन्याने त्याच लाँचने घरी गेल्या.

आम्ही रूमवरच्या चौघांनी मिळून सहा लाइफ जॅकेटं घेऊन पाठवली. मोठ्या मापाची ऑनलाइन दोन दिवसांत आली. लहान पोरांच्या मापाची मिळवायला मात्र तीन शनिवार घालवले. कुणाला पुण्यात चांगलं दुकान माहीत असेल तर सांगा, अजून लागणार आहेत.