कुलूप काढ

धुळे,
रविवार रात्र

चि. बाळास,


काल दादाचा फोन होता. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तू कुलूप लावलंस, असं त्यानं सांगितलं. उघडून पाहिलं तर खरंच, आपण टाइप करतो तिथं ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ अशी पट्टी. चारशे माणसं ऐकायला आणि तिघं बोलायला. फोनवर आपण दोघंही एकमेकांचं बोलणं तोडतो, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

शुक्रवारी रात्री काय झालं ते मी वर सरकवत सगळं वाचलं. साडेनऊला एकानं विचारलं, ‘टाकीचं बिल निघालं म्हणता, मग टाकी गळते कशी? हिशोब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.’ एवढंच. त्यावर पहिल्या वीस मिनिटांत त्याची जात निघाली, मग पक्ष निघाला, मग त्याच्या बायकोचा फोटो आला. साडेदहाला कुणीतरी ‘उद्या स्टँडवर ये, दाखवतो’ लिहिलं आणि पावणेअकराला तू ग्रुप बंद केलास. तुझी धास्ती मला कळते. निवडणूक तोंडावर आहे, पोरं तापलेली आहेत. पण त्या रात्री शिव्या देणारा गप्प झाला, तसा हिशोब विचारणाराही गप्प झाला. शिव्या देणाऱ्याचं त्यात काहीच गेलं नाही, प्रश्न बंद पडावा हेच त्याला हवं होतं. टाकी अजून गळतेच आहे.

दादा म्हणाला, तुला पोलीस केसची भीती वाटते. कुणीही काहीही टाकलं तरी ॲडमिनला धरतात, असं तुला कुणी सांगितलंय. तर ऐक. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्यानं एका बाईबद्दल घाणेरडं लिहिलं होतं आणि त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ रोजी तो ॲडमिनपुरता रद्द केला. दोघांचा मिळून तसा बेत होता असं दिसत नसेल, तर एकाच्या लिहिण्याची शिक्षा दुसऱ्याला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. म्हणजे तुला जबाबदारी नाही असं नव्हे. पण भीतीपोटी चारशे जणांचं तोंड बांधायची गरज नाही.

आता तू राईनपाड्याचं नाव काढशील. काढायलाच हवं. आपल्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, १ जुलै २०१८ ला, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. मंगळवेढ्याकडून पोटासाठी भिक्षा मागत आलेली माणसं ती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या दिवसांत मोबाइल-मोबाइलवर होते. माझ्या मोबाइलवरही आला होता. मी तो कुणाला पाठवला नाही, पण ‘हे खोटं आहे’ असं लिहिलंही नाही, आणि त्याची बोच मला आजही आहे. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तेव्हा मोकळं बोलणं म्हणजे वाटेल ते बोलू देणं, असं मी कधीच म्हणणार नाही. असा मेसेज दिसला की क्षणाचाही विचार न करता काढ, आणि का काढला ते तिथंच लिही.

पण दुसरी बाजूही आपल्याच महाराष्ट्रात घडलेली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. पालघरच्या एका मुलीनं हा बंद कशासाठी, असं फेसबुकवर लिहिलं. तिच्या मैत्रिणीनं ते नुसतं लाइक केलं. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. दवाखान्याचा काय संबंध होता? त्या वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-अ हे कलम होतं. कुणाला ‘त्रास’ वाटेल असं लिहिलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद. श्रेया सिंघल नावाच्या कायद्याच्या विद्यार्थिनीनं त्याला आव्हान दिलं आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कलमच रद्द केलं.

त्या निकालातली एक गोष्ट मी वहीत उतरवून ठेवली आहे. न्यायालयानं बोलण्याचे तीन प्रकार वेगळे केले: एखाद्या विषयाची चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं. पहिले दोन कुणाला कितीही झोंबले तरी त्यांना हात लावायचा नाही. चिथावणीपाशी आलं की मगच रोखायचं. शुक्रवारची रात्र या मापानं मोजून बघ. टाकीचा हिशोब ही चर्चा. ‘या सरपंचाला मत देऊ नका’ हा पुरस्कार. ‘स्टँडवर ये, दाखवतो’ ही धमकी आणि बायकोचा फोटो टाकणं ही निव्वळ नीचता. चारशेतले दोघं काढायचे होते, तू चारशे बंद केलेस.

तू म्हणशील, घटनेचं १९ वं कलम सरकारला लागू, माझ्या ग्रुपला नाही. ज्याला पटत नाही त्यानं दुसरा ग्रुप काढावा. कायद्यानं तुझं बरोबर आहे. ‘केसरी’त पटेना तेव्हा आगरकर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला, हे मीच तुला शिकवलंय. पण ती दोन्ही पत्रं चारचौघांत विकत मिळायची आणि एकमेकांना छापून उत्तरं द्यायची. आपल्या गावात टँकर कधी येणार, रेशन कधी सुटणार, कोण वारलं, हे सगळं तुझ्याच ग्रुपवर कळतं. ती गावची चावडी झाली आहे, बाळा. चावडीवरून माणसाला हाकललं तर तो जाईल कुठं?

आता माझं सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलते ते कळेल. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ग्रुप काढला तेव्हा मला ॲडमिन केलं. २०१९ च्या निवडणुकीत एक विद्यार्थी, आता एसटीत वाहक आहे, मला आवडणाऱ्या पक्षाबद्दल रोज काहीतरी लिहायचा. शिवी नव्हती, धमकी नव्हती, आकडे द्यायचा. एका सकाळी मी त्याला काढून टाकलं. इतरांना ‘ग्रुपचं वातावरण बिघडतंय’ असं लिहिलं. खरं कारण वेगळं होतं. त्याला उत्तर देता येत नव्हतं म्हणून मला राग आला होता. पुढे दीड वर्षानं मी साक्रीच्या गाडीत चढले तर तोच तिकिटं फाडत होता. मला जागा करून दिली, पिशवी वर ठेवली. उतरताना हळूच म्हणाला, ‘बाई, माझं काय चुकलं ते तरी सांगायचं होतं.’

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन मी त्याला परत ग्रुपवर घेतलं आणि चार ओळींची माफी सगळ्यांसमोर लिहिली. तो ग्रुपवर आहे, पण त्यानंतर त्यानं राजकारणावर एक अक्षर लिहिलेलं नाही. ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ तेवढं लिहितो. एका माणसाचा आवाज मी कायमचा घालवला.

म्हणून सांगते, काढायचं तर कारण सांगून काढ, आणि ते कारण दोन्ही बाजूंना एकच असू दे. तिघेही ॲडमिन एकाच गटाचे आहेत, हे गावाला दिसतं. विरोधी गटातला एक समंजस माणूस ॲडमिन म्हणून घे आणि कुणाला काढायचं ते दोन्ही गटांनी मिळून ठरवा. वर दुहेरी बाण असलेला, म्हणजे अनेकदा पुढे पाठवला गेलेला, मेसेज आला की ‘हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ एवढं विचारायची सवय लाव.

आज रात्रीच कुलूप काढ. धमकी देणाऱ्याला आणि फोटो टाकणाऱ्याला नावानिशी कारण लिहून बाहेर कर. तो फोटो ग्रुपवरून सगळ्यांसाठी काढून टाक आणि त्या बाईंची स्वतः घरी जाऊन माफी माग. मग टाकीचा प्रश्न जसाच्या तसा परत टाक, विचारणाऱ्याच्या नावासह, आणि खाली लिही की ग्रामपंचायतीनं उत्तर द्यावं.

तुझी,
आत्या