मन्सीच्या माळावरची हेलिकॉप्टरे

इंडियानापोलिस शहरातून ईशान्येस निघाले म्हणजे सुमारे साठ मैलांवर मन्सी लागते. वाटेत दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका; मधूनच एखादे पांढरे कोठार, नाही तर धान्य साठवण्याचा पोलादी मनोरा. ऑगस्टमधील ते हिरवेगार सोयाबीन पाहून, आपण इंदुराहून देवासकडे तर निघालो नाही ना, असा भास माळव्यातील माणसास झाल्यावाचून राहत नाही. १८८७ साली नैसर्गिक वायूच्या ओढीने बॉल नावाचे बंधू बफेलोहून येथे आले आणि त्यांनी काचेच्या बरण्यांचा कारखाना चालविला. अमेरिकन गृहिणींच्या कैक पिढ्यांनी आपले मुरांबे याच बरण्यांत भरले. पुढे लिंड दांपत्याने या गावाचा अभ्यास करून १९२९ मध्ये ‘मिडलटाउन’ हा गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सर्वसाधारण अमेरिकन गावाचा नमुना अशी मन्सीची ख्याती झाली. अशा या सर्वसाधारण गावी आम्ही उभयतां २०१९ च्या ऑगस्टमध्ये मुद्दाम गेलो, ते हेलिकॉप्टरे पाहण्यासाठी.

निमित्त नातवाचे. तेरा वर्षांच्या त्या मुलाने रेडिओवर चालणारे हेलिकॉप्टर मागितले होते, आणि घरात दोन तट पडले होते. जावईबापूंचा कल ‘घेऊन टाकू’ असा, तर लेकीचे म्हणणे, “आई, ते खेळणं नाही गं, फिरतं पातं आहे.” निवाडा आमच्याकडे आला. न पाहिलेल्या वस्तूविषयी निवाडा तरी काय देणार? तेव्हा सारे कुटुंब मोटारीत घालून आम्ही मन्सी गाठली.

विमानांचे नमुने उडविणाऱ्या अमेरिकनांची ‘अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स’ ही १९३६ साली स्थापन झालेली संस्था येथे नांदते. तिच्या ताब्यात हजार एकरांहून अधिक सपाट गवताळ जमीन असून जवळच नमुना-विमानांचे संग्रहालय आहे. हजार एकर, आणि तेही छंदासाठी! आमच्या डोळ्यांसमोर इंदुरातील एकेक मैदान आणि त्यावर संध्याकाळी एकमेकांत मिसळलेले क्रिकेटचे पाच डाव उभे राहिले. दर उन्हाळ्यात या माळावर हेलिकॉप्टरवाल्यांचा मोठा मेळा भरतो. माणसे घरासारख्या मोटारी घेऊन येतात, तंबू ठोकतात, मांडवाखाली मेजे मांडून स्क्रू पिळीत बसतात. जत्राच म्हणा, फक्त पाळण्याच्या जागी हेलिकॉप्टर.

प्रथमदर्शनी आम्ही घाबरलोच. माणसाच्या हातभर उंचीचे यंत्र गवतावरून उठले, उलटे झाले आणि उलट्याच स्थितीत गवताची टोके जवळजवळ हुंगीत गेले. खरे हेलिकॉप्टर असे कधी करीत नाही. या यंत्राला ते साधते, कारण त्याची पाती धन कोनाप्रमाणे ऋण कोनातही वळतात. पात्यांची गती जवळपास तीच राहते. वर जायचे, खाली यायचे ते पात्यांचा कोन बदलून. पुढे-मागे, डावी-उजवीकडे जाण्यासाठी फिरत्या चकतीचा कल बदलायचा, आणि मोठ्या पात्यांच्या प्रतिक्रियेने सारे धड गरगरू नये म्हणून शेपटीच्या पंख्याने ते रोखून धरायचे. या चारही गोष्टी दोन अंगठ्यांनी, एकाच क्षणी.

मात्र आम्हांला खरे कौतुक वाटले ते कोलांट्यांचे नव्हे. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ एका कडेला, यंत्राचे तोंड आपल्याकडे करून, ते छातीइतक्या उंचीवर निश्चल ठेवीत होते. नातू म्हणाला, “आजोबा, हे सर्वांत कठीण.” यंत्राची शेपटी आपल्याकडे असते तोवर त्याचे उजवे ते आपले उजवे. तोंड आपल्याकडे वळले की त्याचे उजवे ते आपले डावे होते, आणि अंगठ्यांची सारी सवय उलटी धावते. आजकालचे ड्रोन हात सोडला तरी उपग्रहाच्या आधारे जागच्या जागी थांबते. हेलिकॉप्टरास एरवी कोणी थांबवीत नाही, ते उडविणाऱ्यालाच प्रत्येक क्षणी थांबवावे लागते. ड्रोन आल्यापासून या छंदाकडे वळणारी तरुण मुले कमी झाली, असे त्या गृहस्थांनी सांगितले. ते आम्हांस पटले.

या निश्चलतेमागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात खेळण्यांचा वाटा थोडा नाही. आर्थर यंग या अमेरिकन संशोधकाने १९३० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील एका कोठारात लहान नमुने उडवून पाहिले, आणि पात्यांना काटकोनात वजनदार दांडी जोडली की यंत्र स्थिर राहते हे शोधून काढले. १९४१ मध्ये तो बेल कंपनीत गेला (तीही बफेलोचीच!) आणि त्याच दांडीच्या बळावर घडलेल्या बेल ४७ ला ८ मार्च १९४६ रोजी नागरी उड्डाणाचा पहिला परवाना मिळाला. म्हणजे खऱ्या हेलिकॉप्टराचा बाप नमुना, हे अक्षरशः खरे. उलट, रेडिओच्या नमुन्यास मात्र फार थांबावे लागले. जर्मनीतील डीटर श्ल्युटर याला १९६८ च्या सुमारास त्यात यश आले, आणि १९७० मध्ये त्याने साडेअकरा किलोमीटर अंतर काटून दाखविले. त्या नमुन्यांवरही तशीच दांडी असे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ती गेली. तिचे काम आता आगपेटीएवढी इलेक्ट्रॉनिक डबी करते.

आता निवडीचा प्रश्न. मेळ्यातील यंत्रे पात्यांच्या लांबीवरून ओळखली जातात. ‘७००’ म्हणजे सुमारे ७०० मिलिमीटरांचे एक पाते. तैवानची, इटलीची, जर्मनीची सुबक यंत्रे तेथे होती. पण असे एक यंत्र रेडिओ-बॅटऱ्यांसह दोन हजार डॉलरांच्या पुढे सहज जाते आणि एका बॅटरीवर चार-सहा मिनिटे उडते. शिवाय मिनिटास दोन हजार फेरे धरले तर त्याच्या पात्याचे टोक ताशी सहाशे किलोमीटरांच्या आसपास वेगाने फिरते. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९ वर्षांचा एक तरुण स्वतःच्याच हेलिकॉप्टराच्या आघाताने दगावला; तो नवशिका नव्हता. लेकीचे ‘फिरतं पातं’ हे शब्द आम्ही विसरलो नव्हतो. मेळ्यातही प्रेक्षक दोरीपलीकडे, उडविणारे नेमून दिलेल्या जागी, आणि पुष्कळदा शेजारी एक सोबती, केवळ आकाशावर नजर ठेवण्यासाठी. ही शिस्त पाहूनच आमचे मन थोडे निवळले.

उलट बाजूने, तळहातावर मावणारे दिवाणखान्यातील यंत्र निरुपद्रवी खरे, पण एकावर एक पंखे असलेले ते स्वतःच स्थिर राहते आणि शिकवीत काही नाही. बाहेर नेले तर झुळूक आली की कुंपणापार. मोठे यंत्र वाऱ्यात शांत, पण आपटले की खिसा रिकामा. लहान यंत्र स्वस्तात दुरुस्त होते, पण स्वभावाने चंचल. हा पेच त्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी सोडविला. आधी रेडिओ चांगला घ्या, कारण तो पुढील सर्व यंत्रांस चालतो. तो संगणकास जोडून सिम्युलेटरवर दोन-तीन महिने पडू द्या, तेथे पाते मोडले तर कळ दाबून नवे येते. मग हातभर लांबीचे, पात्यांचा कोन बदलणारे लहान यंत्र घ्या, आणि पायांखाली आडव्या काड्यांना चेंडू लावून सुरुवात करा. प्रथम शेपटी आपल्याकडे, मग बाजू, सर्वांत शेवटी तोंड. सुटी पाती आणि मधला दांडा सुरुवातीसच जास्तीचे घेऊन ठेवावेत, हेही त्यांनी हसत सांगितले.

निवाडा असा झाला: रेडिओ आणि सिम्युलेटर ताबडतोब, यंत्र दिवाळीनंतर, आणि ते उडेल तेव्हा बाप सोबतीस. लेकीने मान डोलाविली. नातवाचे तोंड इंडियानापोलिस येईपर्यंत एवढेसे झाले होते. सिम्युलेटरवर त्याने तीन नव्हे, पाच महिने काढले.

येथे परतल्यावर अनेकांनी चौकशी केली, म्हणून दोन शब्द. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर कोठे उडवावे हे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर पाहता येते. विमानतळ शहराला लागून असलेल्या आमच्यासारख्या गावी तो नकाशा आधी पाहावा, मग दुकानात जावे. गच्ची आणि गल्ली या दोन जागा मनातून काढून टाकाव्यात. आणि मूल महाविद्यालयात असेल, तर एन.सी.सी.च्या हवाई शाखेत नमुना-विमाने बनविणे व उडविणे शिकविले जाते. त्यासाठी वेगळा खर्च नाही, आणि मैदानाची सोय बहुधा तेथेच होते. चौकशी तेथून सुरू करावी.