चाकांवरच्या घराचा वारस

फिनिक्सहून लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या 10 क्रमांकाच्या महामार्गावर, कॅलिफोर्नियाची हद्द जवळ आली असता, क्वार्ट्झसाइट नावाचे वाळवंटी गाव लागते. मुलांकडे अमेरिकेस गेलेल्या आपल्यापैकी काहींनी ते गाडीच्या काचेतून पाहिलेही असेल. उन्हाळ्यात ते ओसाड भासते. हिवाळ्यात मात्र उत्तरेकडील हिमवर्षावाला कंटाळलेले ज्येष्ठ आपापली मोटारघरे घेऊन येथे उतरतात. गावालगतच्या ला पोसा या सरकारी माळावर 15 सप्टेंबरपासून 15 एप्रिलपर्यंत परवाना घेऊन मुक्काम करता येतो. तेथे कोरडी हवा असते, सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि शेजारी समवयस्क असतात. एकाकीपणावर याहून साधा उतारा सुचणे कठीण.

या मेळ्यात एखादे ठेंगणे, लांबट, मोठ्या काचांचे वाहन नजर खिळवून ठेवते. ते असते जनरल मोटर्सचे जीएमसी मोटारहोम. 1973 ते 1978 या वर्षांच्या मॉडेलांची मिळून जेमतेम 13 हजारांच्या आसपास मोटारघरे बनली. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळत असल्याने जमिनीखालून दांडा जात नाही. त्यामुळे घराची फरशी खाली राहते आणि दुखऱ्या गुडघ्यांना फारसे चढावे लागत नाही. बाह्यांग ॲल्युमिनियम व फायबरग्लासचे असल्याने लाकडी सांगाड्याच्या घरांप्रमाणे ते ओलीने कुजत नाही. वाहन पन्नाशीत पोहोचले, मालक पंच्याहत्तरीच्या पुढे गेले. आता प्रश्न आहे वारसाचा.

तरुणांना ही घरे आवडतात. पण ती घेण्याची त्यांना धास्ती वाटते. लिटरमागे तीन-चार किलोमीटर हे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे मागच्या हवेच्या फुग्यांची कुरकुर किंवा कार्ब्युरेटरचा रुसवा ओळखणारा कारागीर कोपऱ्यावर मिळत नाही. ती जाण मालकाच्या कानांत आणि बोटांत असते. म्हणून माझ्या मते नव्या मालकाला ओढून आणते ती चकाकी नव्हे, तर दुरुस्त्यांची वही आणि शिकवायला तयार असलेला जुना मालक. अनेक ज्येष्ठ नेमके उलट करतात. रंगावर खर्च करतात, किमतीवर अडून बसतात आणि हात थरथरू लागेपर्यंत वाहन सोडत नाहीत. मग ते अंगणात उभे राहते, टायर तडकतात, आणि शिकवायला कोणी उरत नाही.

काळजीवाहकांनी हा विषय लवकर काढावा. रात्री समोरचे दिवे डोळ्यांत घुसणे, ओळखीच्या वळणावर गोंधळणे, गाडीला नवे ओरखडे दिसणे, ही लक्षणे डॉक्टरांना सांगण्याजोगी आहेत. मात्र ‘आता गाडी विकून टाका’ या वाक्याने माणूस दुखावतो. ‘हे कोणाला तरी शिकवाल का?’ असे विचारले तर त्याच्याकडे देण्याजोगे काही आहे, याची त्यालाही आठवण राहते.

हस्तांतरापूर्वी सुरक्षितता तपासणे हे कर्तव्यच समजावे. जुन्या रबरी इंधननळ्या बदलाव्यात. त्या गळल्या तर आग लागू शकते. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे वाचावेत: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने म्हातारे होतेच. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र मुदतीतले असावे. या वायूला रंग नाही, वास नाही; डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे हे प्रवासाच्या शिणासारखेच वाटते. बंद घरात दोघांना एकाच वेळी असे होऊ लागले, तर विश्रांती घेत बसू नये. तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि वैद्यकीय मदत मागवावी. क्वार्ट्झसाइटहून रुग्णालयासाठी ब्लाइथ किंवा पार्कर गाठावे लागते, म्हणजे सुमारे 35 ते 55 किलोमीटर. औषधांची यादी दाराजवळ लावलेली बरी.

व्यवहार ठरला की पहिला लांबचा प्रवास दोघांनी मिळून करावा. नवा मालक स्टिअरिंगवर, जुना शेजारच्या आसनावर. चढ लागला, इंजिनाचा सूर बदलला की जुन्याने सांगावे, ‘हा आवाज ऐकून ठेव,’ आणि पुढच्या थांब्यावर नव्याने ते वहीत लिहून घ्यावे.