तोट्यातील व्यापाऱ्याचा स्तंभ

बेदाण्याचा हंगाम आटोपून माल शीतगृहात पडला की कवठे महांकाळच्या पेठेतील घरांना समुद्राचे वेध लागतात. दुष्काळी तालुक्यातील माणसाला पाण्याची ओढ उपजतच असते. ही मंडळी अलिबागला उतरतात, ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जातात, नागाव-चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या पाहतात आणि परततात. चौलला लागूनच असलेल्या रेवदंड्याला थांबणारे थोडे, आणि थांबलेच तर किनाऱ्यासाठी. तेथील शाळेच्या आवारात २००२ साली उभारलेला एक स्मृतिस्तंभ मात्र व्यापारी घरांनी अवश्य पाहावा असा आहे.

या किनाऱ्यावरच्या बहुतेक खुणा युद्धाच्या आणि राज्याच्या आहेत. कुलाब्याचा तट, अलिबागेतील सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी, रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट. त्यांचे मोल थोर आहेच. परंतु रेवदंड्याचा स्तंभ ना राजाचा, ना सरदाराचा. तो अफानासी निकितिन या रशियातील त्वेर गावच्या व्यापाऱ्याचा आहे. आणि हा व्यापारी, हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर, सपशेल तोट्यात गेलेला होता.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो व्होल्गा नदीतून माल घेऊन निघाला. वाटेत तो लुटला गेला. ज्यांचे घरी काही शिल्लक होते ते सोबती मागे फिरले. ज्यांच्या डोक्यावर देणे होते ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितिन इराणमार्गे होर्मुझला पोहोचला आणि एक उमदा घोडा घेऊन जहाजाने चौल बंदरी उतरला. दख्खनमध्ये घोड्याला चांगला भाव येतो, एवढ्याच भरवशावर. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो घोडा जप्त केला आणि अट घातली की धर्म बदलशील तर घोडा परत मिळेल, वर सोन्याची हजार नाणी. चार दिवसांची मुदत होती. कर्जाखाली दबलेल्या, परक्या मुलखात एकट्या पडलेल्या माणसाने ते सोने नाकारले. अखेर खोरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली आणि घोडा सुटला. तो पुढे बिदरला विकला गेला. वर्षभराच्या चाऱ्यावर अडुसष्ट नाणी खर्ची पडल्याची नोंद निकितिनने चोख ठेवली आहे! मिरी आणि रंग येथे स्वस्त असले तरी जकाती जबर आणि समुद्रात चाचे फार, तेव्हा आपल्या देशासाठी हा व्यापार परवडणारा नाही, असा त्याचा रोखठोक निष्कर्ष होता.

परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याला मृत्यू आला. घर दिसले नाही, भांडवलही उरले नाही. उरल्या त्या वह्या. इतर व्यापाऱ्यांनी त्या जपून मॉस्कोला पोहोचवल्या आणि त्या तेथील बखरीत समाविष्ट झाल्या. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यावरच ‘परदेसी’ हा चित्रपट काढला.

आता चौलकडे वळावे. टॉलेमीच्या भूगोलात या बंदराचे नाव आहे. निकितिन येण्याच्या सुमारे तेराशे वर्षे आधीपासून येथील पेढ्या चालू होत्या. एवढ्या काळात किती सचोटीचे, किती धाडसी व्यापारी येथे होऊन गेले असतील! त्यांच्यापैकी आज नावानिशी ओळखता येतात ते मुख्यतः कान्हेरीच्या लेण्यांत दान कोरून ठेवणारे चेमुलाचे म्हणजे चौलचे काही रहिवासी. ज्यांनी दगडावर लिहिले ते राहिले. निकितिनने कागदावर लिहिले, तोही राहिला.

कागदाचा हा मुद्दा व्यापारी घरांच्या फार जवळचा आहे. दिवाळीला वहीपूजन भक्तिभावाने होते, पण पूजलेल्या वहीचे पुढे काय होते? वाडा पाडून नवी इमारत उभी राहते तेव्हा माळ्यावरची मोडी लिपीतील रोजमेळ व खतावण्यांची गाठोडी प्रथम रद्दीत जातात. देवघरातील पितळी भांडी मात्र मोजून वाटली जातात. हा व्यवहार शहाणपणाचा म्हणता येत नाही. १९७२च्या दुष्काळात ज्वारी कोणत्या दराने उधार गेली, कोणत्या गावची उधारी वसूल झाली आणि कोणत्या गावची मुकाट सोडून दिली, हे सांगणारा कागद दुसऱ्या कोणत्या कचेरीत मिळायचा?

सोय अगदीच नाही असेही नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात १९१० पासून जुने कागद जपण्याचे काम चालू आहे. कोल्हापूरला राज्याचे पुराभिलेखागार आहे. मोडी वाचायला शिकवणारे वर्गही भरतात. त्याआधीचे काम मात्र घरातच करावयाचे असते. गाठोडे सोडावे, पाने उन्हात न ठेवता सावलीत वाऱ्यावर पसरावीत, कसर झटकावी आणि प्रत्येक वहीवर पेढीचे नाव व साल लिहून ठेवावे. घरातील मोडी जाणणारे वडीलधारे पंच्याऐंशी-नव्वदीच्या घरात असतील, तर पहिली वही याच दिवाळीच्या आत त्यांच्यापुढे ठेवावी.