'थोडंसंच दुखेल' म्हणजे किती?

'पिशवी साफ करावी लागेल. पाच मिनिटांचं काम, थोडंसंच दुखेल,' डॉक्टर म्हणाल्या. नववा आठवडा होता आणि सोनोग्राफीत ठोके दिसले नव्हते. मी नुसती मान हलवली. मी फ्रीलान्स पत्रकार, लोकांना प्रश्न विचारण्याचेच पैसे मिळतात मला. पण त्या दिवशी 'थोडंसं म्हणजे किती?' एवढंही तोंडातून निघालं नाही.

दुखलं. खूप दुखलं. ओरडले, तर सिस्टर म्हणाल्या, 'बाईच्या जातीला एवढं सहन करावंच लागतं, मॅडम.'

सगळ्यांना 'व्हायरल झालाय' असं सांगून मी पुण्याहून गाडी पकडली, बडनेऱ्याला उतरले आणि वलगावला आजीकडे गेले. तिने एका नजरेत ओळखलं. 'माही बी पिशवी साफ केली होती वं, तुह्या मायच्या आधी. लय दुखलं. पन सांगू कोनाले?'

पन्नासेक वर्षं झाली. वाक्य तेच!

मग उशिरा का होईना, होमवर्क केला. गर्भाशयाचं तोंड उघडताना आणि गर्भाशय आकसताना या कळा येतात. त्या कमी करता येतात. खरवडण्याची जुनी पद्धत सोडा आणि नळीने ओढून काढा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्या २०२२च्या सूचनांनुसार दुखणं कमी करणारं औषध प्रत्येकीला द्यायचं. १४ आठवड्यांच्या आत असेल, तर गर्भाशयाच्या तोंडाजवळ बधिर करणारं इंजेक्शनही. गर्भ आपोआप गेलेला असो, की १९७१च्या कायद्याने मिळालेल्या हक्कातून स्वतः निर्णय घेतलेला असो. दुखणं ही कसली शिक्षा नाही.

संध्याकाळी आजीसोबत पेढी नदीच्या पुलापर्यंत गेले. १९५६मध्ये याच पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांवर प्रश्न. समोर बसलेल्यांना उत्तर द्यावंच लागे.

म्हणून मैत्रिणींनो, टेबलावर झोपण्याआधी तीन प्रश्न विचारा. पद्धत कोणती? दुखू नये म्हणून काय देणार? आणि ते कधी देणार? आपण मोबाइल घेताना यापेक्षा जास्त चौकशी करतो.

निघताना आजी म्हणाली, 'लिहिजो हे. माहं बी लिहिजो.'

लिहिलं, आजी.