रेवाकाठची राख

नागपूरहून जबलपूरला येणारा रस्ता तिलवारा घाटाशी नर्मदा ओलांडतो. गाडी पुलावर आली की माणसं बोलता बोलता थांबतात, हात जोडतात, कुणी नाणं सोडतं, कुणी नुसतंच 'नर्मदे हर' म्हणतं. वरच्या अंगाला ग्वारीघाट, खालच्या अंगाला लम्हेटा आणि त्यापुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे. मधे तिलवाऱ्याला मैया संथ वाहते. संक्रांतीला इथे मेळा भरतो. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचा मांडव याच परिसरात पडला होता आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींची रक्षा या घाटावर पाण्यात सोडली गेली.

या खोऱ्याने त्याहून फार जुनी राखही उराशी धरली आहे. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरचा तोबा हा महाज्वालामुखी फुटला. जवळपास २,८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात आज शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. तिथून जबलपूर तीन हजार किलोमीटरवर. तरीही ती राख इथवर आली, नर्मदेच्या गाळात बसली, आणि ज्याच्याशी लग्न मोडून ही रेवा पश्चिमेला निघाली असं आपण ऐकत आलो, त्या शोण नदाच्या काठीही बसली. आपल्या कुकडीकाठच्या बोरीला आणि कऱ्हेकाठच्या मोरगावलाही अशीच राख सापडते. ती तोबाच्या याच उद्रेकाची की कितीतरी आधीच्या, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही.

दरडीत पाहिली तर ती पांढुरकी, पिठासारखी मऊ. वरखाली पिवळट गाळ, मधे हा फिका पट्टा. मूळ थर काही सेंटिमीटरचाच, पण पावसाने खोलगटात लोटून आणला तिथे मीटरभराहून जाड. भिंगाखाली मात्र मऊपणा संपतो. तिथे नुसती काच दिसते: बुडबुडे फुटून उरलेल्या त्यांच्या भिंतींचे वक्र, धारदार तुकडे. समुद्रापलीकडच्या डोंगराचा शेवटचा श्वास त्या बुडबुड्यांत होता. ती काच पाहिली की हात आपोआप जोडले जातात.

तोबाच्या मानाने तांबोरा धाकटा. सुम्बावा बेटावरचा हा डोंगर १० एप्रिल १८१५ च्या संध्याकाळी फुटला. आधीच्या, ५ एप्रिलच्या स्फोटाचा आवाज जावा बेटावर तोफांसारखा ऐकू गेला आणि शत्रू आला समजून फौज हलवली गेली. सव्वाचार हजार मीटरच्या आसपासचा डोंगर उद्रेक शमला तेव्हा पावणेतीन हजारांच्या थोडाच वर उरला होता. त्याची राख खाली बसली, पण गंधकाचा वायू आभाळात उंच चढून पृथ्वीभर झिरझिरीत पडद्यासारखा पसरला. युरोप-अमेरिकेत १८१६ साली उन्हाळाच आला नाही. आपल्याकडे जमीन पुरेशी तापली नाही, आणि समुद्र व जमीन यांच्या तापण्यातल्या फरकावर जो जगतो तो आपला पाऊस आधी रुसला, मग अवेळी कोसळला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १८१७ मध्ये, बंगालमधल्या जेसोरला पटकी उसळली. हवामान बिघडल्यामुळे खाडीच्या पाण्यातला तिचा जंतू बळावला असावा, असा तर्क गिलन डार्सी वुड यांनी तांबोरावरच्या २०१४ च्या पुस्तकात मांडला आहे. तर्कच आहे तो. पण इथे बसून १८१७ चं पंचांग उलगडावं, तर तो डावलता येत नाही.

तेव्हा हा काठ नागपूरकर भोसल्यांचा होता. १७९८ पासून जबलपूरचा वसूल नागपुरी जात होता. १८१७ च्या पावसाळ्यानंतर गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज स्वतः मोठी फौज घेऊन बुंदेलखंडात उतरला. निमित्त पेंढाऱ्यांचं, मनात मराठी सत्ता. ५ नोव्हेंबरला शिंद्यांनी त्याच्याशी तह केला. त्याच दिवशी खडकीला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. आणि त्यानंतर आठवडाभरातच पटकीने हेस्टिंग्जची छावणी गाठली. लढणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त बुणगे, बाजारकरी, बैलवाले. माणसं चालता चालता पडत होती. काही दिवसांत हजारो मेली. आपण मेलो तर शत्रूला कळू नये म्हणून गुपचूप पुरा, असं हेस्टिंग्जने सांगून ठेवलं होतं. शेवटी बेतवा ओलांडून एरचच्या उंच, कोरड्या काठावर छावणी पडली, तेव्हा साथ ओसरू लागली.

मी या एका आठवड्यापाशी नेहमी अडतो. साथ पंधरा दिवस आधी आली असती, तर दौलतराव शिंदे सही करते का? उत्तरेची फौज अर्धमेली झाल्याची बातमी खडकीच्या आधी पुण्यात आणि सीताबर्डीच्या लढाईआधी नागपुरात पोचली असती तर? माझं मन सांगतं, निकाल फार बदलला नसता. घरातली फूट आणि रिकामा खजिना यांना पटकी औषध नव्हती. पण १८१८ हे साल जसं गेलं तसंच गेलं असतं, असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. घडलं ते असं: २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डी, १९ डिसेंबरला जनरल हार्डीमनच्या हाती जबलपूर. साथीने मात्र कुणाचाच तह पाळला नाही. १८१८ मध्ये ती नागपूर, पुणे करत ऑगस्टला मुंबईत उतरली. आपल्या इतिहासाच्या पानांवर सरदारांची नावं ओळीने आहेत. त्या साली ज्या घरांत पाणी पाजायला कुणी उरलं नाही, त्यांना एक ओळ मिळायला हवी होती.

आणि १८१५ साली धाकट्याऐवजी थोरला फुटला असता तर? त्याने पृथ्वी किती गारठली असती यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. पण लागोपाठ चार-पाच पावसाळे हुकले, एवढं धरलं तरी पुरे. इंग्रजांची कंपनी बंगालच्या साऱ्यावर उभी, भोसले नर्मदेच्या गव्हावर, फौजा बंजाऱ्यांच्या बैलांवरच्या धान्यावर. शेत पिकलं नाही की सारा नाही, सारा नाही की शिपाई नाही. मग खडकीही नाही, सीताबर्डीही नाही, कलकत्त्याचा लाटसाहेबही नाही.

कोण उरलं असतं, याचा थोडा अंदाज शोणाकाठच्या धाबा इथल्या उत्खननातून येतो. तिथली दगडी हत्यारं ८० हजार वर्षांपासूनची आहेत, आणि तोबाच्या राखेआधीची व नंतरची घडण तुटलेली नाही, असं २०२० साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. आभाळ काळवंडलं, तरी त्या काठावर कुणीतरी दगड घडवत राहिलं. १८१५ साली या खोऱ्यात तसे म्हणजे गोंड आणि बैगा. त्यांचं कोदो-कुटकी हलक्या, बरड जमिनीत थोड्या पाण्यावर येतं, आणि कोदो मातीच्या कोठीत वर्षानुवर्षं किडत नाही. शिवाय मोह, कंद, नदीतले मासे. जबलपूर कुणाचं, हा प्रश्न मग त्यांनी ठरवला असता, आणि भोसल्यांच्या फार आधी गढा-मंडल्याला गोंडांचंच राज्य होतं.