माऊस आणि मास्तर

शाळेत नवं यंत्र आलं की "आता शिक्षण बदलणार" अशी दवंडी पिटायची पद्धत इथे जुनीच आहे. १९१३ साली थॉमस एडिसनने सांगून टाकलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच बाद होतील, मुलं सिनेमा बघून शिकतील. मग रेडिओ आला, टी.व्ही. आला, कॉम्प्युटर आला, आता ए.आय.ची पाळी. मी न्यू जर्सीच्या पब्लिक स्कूलमध्ये सव्वीस वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे यातल्या काही वराती शाळेच्या दारात येताना जवळून पाहिल्या आहेत.

सर्वांत वाजतगाजत आली ती इंटरनेटची. फेब्रुवारी १९९६ मध्ये टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट झाला आणि त्यातून शाळांना, लायब्ररींना इंटरनेटसाठी २० ते ९० टक्के सवलत देणारी 'ई-रेट' योजना निघाली. त्याच वर्षी ९ मार्चला कॅलिफोर्नियात 'नेट-डे' झाला. हजारो स्वयंसेवक शाळाशाळांतून तारा ओढत होते. खुद्द प्रेसिडेंट क्लिंटन आणि अल गोर कॉन्कॉर्डच्या एका हायस्कूलमध्ये केबल ओढायला हजर! पण मंडळी, ई-रेटची सवलत होती तारांना आणि जोडणीला. त्या तारेच्या टोकाशी उभ्या असलेल्या शिक्षकाने वर्गात नेमकं काय करायचं, हे शिकवायला नव्हती.

मी तेव्हा ज्या शाळेत होते तिथेही नवे कोरे कॉम्प्युटर्स आले. आमचं ट्रेनिंग म्हणजे ऑगस्टमधली एक दुपार. कंपनीचा एक तरुण भराभर क्लिक करत गेला, आम्ही पिझ्झा खाल्ला, सर्टिफिकेट घेतलं. सप्टेंबरात एका मुलाने मला विचारलं, "हे अपूर्णांकांसाठी कसं वापरायचं?" ते त्या दुपारी कुणी सांगितलंच नव्हतं. दिवाळीपर्यंत अर्ध्या मशीन्सवर प्लॅस्टिकची कव्हरं चढली होती.

तेव्हा मला पुण्याचं बी.एड. फार आठवायचं. तिथे सराव पाठ घ्यावे लागत. टाचण आधी तपासून घ्यायचं, मग खऱ्या वर्गात शिकवायचं, आणि मागच्या बाकावर मार्गदर्शक बाई आणि आपलेच सहाध्यायी वही घेऊन निरीक्षणाला बसलेले! पाठ संपला की फळ्यावर काय राहिलं, कोपऱ्यातल्या मुलीला प्रश्न का विचारला नाही, सगळं बाहेर यायचं. छातीत धडधडायचं, पण शिकवायला शिकले ती तिथेच. कॉम्प्युटरच्या वेळी मात्र मागच्या बाकावर कुणीच नव्हतं.

हे मेन राज्याला उमगलं होतं. २००२ साली गव्हर्नर अँगस किंग यांच्या पुढाकाराने तिथे सातवीच्या मुलांना लॅपटॉप मिळाले, पुढच्या वर्षी आठवीच्याही. पण त्याबरोबर शिक्षकांनाही मशीन दिलं, आणि इतरांना मदत करायला शाळाशाळांत एकेक शिक्षक पुढे केला.

आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी? तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझचे दहा लाख डॉलर्स मिळाले आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकले. ती कल्पना रोज वर्गात उभं राहणाऱ्या माणसाची होती.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेतही असंच झालं. तिथे एक बाई आहेत. देशात तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मुलाकडे आलेल्या. २०२० च्या मार्चमध्ये शाळा झूमवर गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला हे जमायचं नाही हो, दुसरं कुणीतरी बघा." त्यांच्याच वर्गातून पुढे गेलेली एक मुलगी दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी त्यांना फोन करायची. "बाई, आता खाली डावीकडे बघा. लाल रेघ दिसते?" तिसऱ्या आठवड्यात बाईंनी नातवाचा टॅबलेट पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवा ठेवला, खाली वही धरली आणि 'ळ' गिरवून दाखवला. "फळ्यावर लिहिताना माझी पाठ असायची मुलांकडे," त्या म्हणाल्या, "वळण हाताआड जायचं." 'ळ' कुठून सुरू होतो, शिरोरेघ केव्हा द्यायची, हे मुलांना पहिल्यांदा नीट दिसलं. शाळा परत हॉलमध्ये भरू लागली तरी बाईंनी तो कॅमेरा सोडलेला नाही. ही युक्ती त्यांना कुठल्या सेल्समनने सांगितली नव्हती. पण ती मुलगी फोनवर बसली नसती तर आमची एक उत्तम शिक्षिका घरी बसली असती.

तुमच्या गावात स्कूल बोर्डाची मीटिंग असेल तेव्हा जरूर जा. नवीन मशीन्स किती, हे सगळेच विचारतात. आपण विचारावं की शिक्षकांना शिकायला शाळेच्या वेळातले किती तास दिलेत, आणि पहिले काही दिवस वर्गात त्यांच्याबरोबर कोण असणार आहे. आणि मराठी शाळेला कुणी प्रोजेक्टर देणार असेल, तर त्याच्याबरोबर स्वतःचे चार रविवारही द्यावेत.